फ्रिज चौदाव्या महिन्यात थांबला. कंपनी म्हणते कॉम्प्रेसरला वॉरंटी आहे, गॅसला नाही

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता एका ओळीत सांगून टाकली आहे, म्हणून आधी सगळं पुन्हा थोडक्यात मांडतो.

गेल्या वर्षी पाडव्याला तुम्ही कॉलेज रोडच्या एका दुकानातून दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणारा, फ्रिज घेतला. दारावर ‘१० वर्षे वॉरंटी’चं मोठं स्टिकर. अकराव्या महिन्यात दूध लवकर नासायला लागलं म्हणून तुम्ही तक्रार केली. कंपनीचा माणूस आला, सेटिंग बदललं, ‘सामान फार कोंबू नका’ म्हणाला, ओटीपी घेतला आणि गेला. आता चौदाव्या महिन्यात फ्रिज पूर्ण थांबला. दुसरा माणूस आला, त्याने सांगितलं की गॅस लीक आहे, कॉम्प्रेसर चांगला आहे, म्हणून वॉरंटीत बसत नाही, साडेपाच हजार होतील. तुम्ही नाही म्हणालात. त्यानंतरच्या दोन तक्रारी ‘ग्राहक घरी उपलब्ध नाही’ म्हणून बंद झाल्या, आणि तुम्ही तर दिवसभर इंदिरानगरच्या घरीच होतात. वर कंपनीकडून फोन, वार्षिक मेंटेनन्सची योजना घ्या म्हणून. घरचे म्हणतात, मोठ्या कंपन्या सगळ्या चोर, पैसे भरा आणि मोकळे व्हा. तुमचा प्रश्न असा की भांडावं की भरावं, आणि पुढचा फ्रिज कुणाचा घ्यावा.

मी नाशिकमध्ये बरीच वर्षं एका कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर चालवत होतो. आता ते सोडलंय, सिडकोत स्वतःचं दुकान आहे आणि सगळ्याच कंपन्यांचे फ्रिज, एसी, वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. त्यामुळे फोनवर ‘तुमची तक्रार बंद झाली आहे’ असं ऐकणारा माणूस आणि ती तक्रार बंद करणारा माणूस, दोघांचीही बाजू मला ठाऊक आहे.

कंपनी चोर आहे की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याचं उत्तर मिळालं तरी फ्रिज थंड होणार नाही. खरा मुद्दा हा की बिघाड कधी सुरू झाला आणि त्याची नोंद कुठे आहे. तुम्ही अकराव्या महिन्यात, पूर्ण फ्रिजची पहिल्या वर्षाची वॉरंटी चालू असताना, ‘थंड कमी होतंय’ अशी तक्रार केली होती. तिचा नंबर असेल, एसएमएस असेल. मग आज चौदावा महिना चालू आहे याला फारसं महत्त्व उरत नाही. तुमचं म्हणणं असं होतं: हा बिघाड वॉरंटीतच सुरू झाला होता, मी तो कळवला होता, तुमच्या माणसाने तो नीट तपासला नाही. ‘दोन महिने उलटून गेलेत पण जरा सांभाळून घ्या’ या विनंतीपेक्षा हे कितीतरी भक्कम आहे. तुम्ही मात्र आतापर्यंतच्या प्रत्येक फोनवर ही विनंतीच करत आलात, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतंय.

आता हे तांत्रिकदृष्ट्या टिकतं का ते बघू, कारण कंपनीचा इंजिनिअर पहिला वार तिथेच करेल.

फ्रिजमधला गॅस वापरून संपत नाही. गाडीत पेट्रोल जळतं तसं इथे काही जळत नाही. कॉम्प्रेसर, मागची किंवा बाजूच्या पत्र्याआडची गरम नळी, केसासारखी बारीक नळी (कॅपिलरी) आणि आतली थंड कॉइल, अशा बंद फेऱ्यात तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. चांगल्या फ्रिजमध्ये पंधरा वर्षं तोच गॅस असतो. तो कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. बहुतेक वेळा ही गळती सुईच्या टोकापेक्षा बारीक असते, कारखान्यात जिथे दोन नळ्या जोडल्या त्या जोडावर किंवा कॉइलमध्ये. गॅस आठवडे, महिने घेत हळूहळू जातो. आधी वरचा कप्पा थंड आणि खालचा कोमट, मग दूध नासणं, मग आइस्क्रीम मऊ पडणं, मग कॉम्प्रेसर न थांबता सतत चालू राहणं, आणि शेवटी काहीच नाही. तुमच्याकडे अकराव्या ते चौदाव्या महिन्यात नेमकं हेच घडलेलं दिसतं. मंद गळतीचं इतकं सरळ चित्र क्वचित बघायला मिळतं.

पण इथे मला थोडं थांबायला हवं, कारण फ्रिज मी पाहिलेला नाही. अकराव्या महिन्यात थंडावा कमी होण्याला दुसरी कारणंही असू शकतात. दाराचं रबर नीट बसत नसणं, फ्रॉस्ट-फ्रीचा आतला पंखा किंवा डिफ्रॉस्टचा हीटर बिघडून कॉइलवर बर्फ साचणं, भिंतीला अगदी चिकटून ठेवल्याने उष्णता बाहेर न पडणं. यातलं काही तेव्हा असेल आणि गळती नंतर वेगळी सुरू झाली असेल, तर तुमची बाजू थोडी कमकुवत होते. एका दाराच्या साध्या फ्रिजमध्ये आणखी एक भानगड असते. फ्रीझरमधला बर्फ सुरीने किंवा उलथन्याने खरवडताना कॉइलला भोक पडतं. ते भोक दिसतं, आणि तिथे कंपनी पैसे मागते ते बरोबरच मागते. तुमचा फ्रॉस्ट-फ्री आहे, तेव्हा हा आरोप तुमच्यावर यायला नको.

म्हणून पुढच्या वेळी माणूस येईल तेव्हा त्याच्याकडून तीन गोष्टी जॉबशीटवर, म्हणजे भेटीची नोंद करायच्या त्याच्या कागदावर, लिहून घ्या. एक, कॉम्प्रेसर चालू असताना किती अँपिअर घेतोय. जवळ क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र, असलं तर हे काम मिनिटाभराचं आहे. गॅस गेलेला असला की कॉम्प्रेसरवर भार नसतो, आकडा नेहमीपेक्षा खाली येतो. कॉम्प्रेसर जाम असेल तर उलट आकडा एकदम वर जातो आणि दर थोड्या वेळाने ‘टक’ आवाज करून तो बंद पडतो. दोन, कॉइलवर दव किंवा बर्फ कुठवर धरतोय. पूर्ण कॉइलवर की फक्त सुरुवातीच्या वेटोळ्यांवर? तीन, आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं, गळती नेमकी कुठे आहे. नुसतं ‘गॅस लीक’ म्हणजे निदान झालं नाही. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता ट्यूबमध्ये हवा भरणं. दोन-तीन महिन्यांत पुन्हा तेच, आणि पुन्हा साडेपाच हजार.

साडेपाच हजारांबद्दलही सांगतो. आजकालच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो आणि तोही सहसा शंभर ग्रॅमपेक्षा कमी. पैसे गॅसचे नसतातच. गळती शोधणं, जोड पक्का करणं, ओल शोषणारा फिल्टर-ड्रायर बदलणं, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढणं आणि मग वजन करून गॅस सोडणं, या कामाचे ते पैसे. हे सगळं खरोखर होणार असेल तर रक्कम अवाच्या सव्वा नाही. यातलं निम्मं गाळून अर्ध्या तासात उरकणार असतील तर लूट आहे. विचारा, ‘फिल्टर बदलणार का? व्हॅक्यूम किती वेळ धरणार?’ उत्तर देताना माणूस अडखळतो की सरळ सांगतो, यावरून बरंच कळतं.

त्या ‘१० वर्षे’ स्टिकरचा हिशेब आता सोपा होईल. फ्रिजच्या सीलबंद यंत्रणेत, म्हणजे गॅस फिरतो त्या बंद फेऱ्यात, कॉम्प्रेसर हा सगळ्यात टिकाऊ भाग. पहिल्या दहा वर्षांत जे बिघडतं ते बहुतेक करून दुसरंच असतं: गळती, पंखा, सेन्सर, इन्व्हर्टर मॉडेल असेल तर त्याचं सर्किट बोर्ड. ज्या भागाला सहसा काही होत नाही त्याची हमी सगळ्यात मोठ्या अक्षरात. कार्डाच्या मागे बारीक अक्षरात असतं की पहिल्या वर्षानंतर गॅस, मजुरी, ने-आण यांचे पैसे ग्राहकाचे. म्हणजे उद्या खरंच कॉम्प्रेसर गेला तरी अनेक कार्डांप्रमाणे तो फुकट मिळेल आणि बसवायचे पैसे तुम्ही द्याल. हे बेकायदेशीर आहे असं मी सरसकट म्हणणार नाही, कारण अट छापलेली असते. पण केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात असं आहे की खुलाशाची टीप दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच अक्षरात हवी, आणि मूळ दाव्याला उलटं पाडणारी नको. त्या स्टिकरचा एक फोटो काढून ठेवा. तुमच्या तक्रारीचा तो मुख्य आधार नाही, पण जोडायला चांगला आहे.

आता ‘ग्राहक घरी उपलब्ध नाही’. यावर तुम्ही सगळ्यात जास्त चिडला आहात, आणि आतलं गणित कळल्याशिवाय तो राग चुकीच्या माणसावर निघतो.

तुमच्या दारात येतो तो माणूस बहुतेक वेळा कंपनीचा नोकर नसतो. तो फ्रँचायझीचा, म्हणजे कंपनीने काम सोपवलेल्या सर्व्हिस सेंटरचा असतो. मी सेंटर चालवत होतो तेव्हा आम्हाला प्रत्येक मिटलेल्या तक्रारीमागे ठरलेले पैसे मिळायचे. ठरलेल्या तासांत तक्रार मिटली नाही तर कापले जायचे. त्याच घरून महिन्याभरात पुन्हा तक्रार आली तर ती आमच्या नावावर लागायची. वॉरंटीतलं गॅसचं काम म्हणजे दोन-तीन तास, वरून मंजुरीची वाट, आणि मिळणारी रक्कम साध्या भेटीपेक्षा थोडीच जास्त. त्यातून एप्रिल-मे. एकाच पोराला सकाळी पाथर्डी फाटा, दुपारी दिंडोरी, संध्याकाळी घोटी. संध्याकाळी सातला त्याच्या मोबाइलवर चार तक्रारी मुदत उलटून लाल झालेल्या असतात आणि सेंटरमधून फोन येतो, काहीतरी कारण टाकून बंद कर. मोबाइलवरच्या कारणांच्या यादीतलं सगळ्यात सोपं, ज्याला पुरावा लागत नाही असं कारण म्हणजे ग्राहक घरी नाही.

तुमचा पहिला माणूस सेटिंग बदलून का गेला, तेही यातच आलं. त्याला फ्रिज दुरुस्त करण्याचे जेवढे मिळतात जवळपास तेवढेच तक्रार बंद करण्याचे मिळतात. तो लबाड असेलच असं नाही. ही पद्धत ज्यांनी आखली ते कुठल्यातरी मुख्य कार्यालयात बसून ‘९५ टक्के तक्रारी वेळेत निकाली’ असा कागद बघतात आणि खूश असतात. माझा राग आहे तो या कागदावर.

यातून एकच व्यवहारी गोष्ट निघते: ओटीपी ही तुमची सही आहे. तो दिला की कंपनीच्या दफ्तरी लिहिलं जातं, ‘ग्राहक समाधानी, काम पूर्ण’. काम झालं नसेल तर देऊ नका. माणूस म्हणेल, ‘मॅडम, नुसता व्हिजिटचा आहे’, ‘माझे पैसे अडकतील’. त्याचे पैसे खरंच अडकतात, ते खोटं नसतं. तरी शांतपणे सांगा, जॉबशीटवर ‘बिघाड कायम’ असं लिही, मला फोटो काढू दे, मग देते. आणि तक्रार खोटी बंद झाली तर त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात, कंपनीच्या ॲपवर किंवा ईमेलवर लिहा: ‘मी दिवसभर घरी होते, कोणी आलं नाही, फोनही आला नाही.’ दारावर सीसीटीव्ही किंवा सोसायटीची एंट्रीवही असली तर सोन्याहून पिवळं.

तुमच्या बाबतीत अकराव्या महिन्याचा ओटीपी दिला गेलाय. त्याने सगळं संपत नाही. तक्रार आली होती आणि ती कशाबद्दल होती, हे तर त्याच नोंदीतून सिद्ध होतं.

आता करायचं काय. कॉल सेंटरला फोन करणं थांबवा. तिथल्या मुलीला तुमचं काम करायचा अधिकारच नसतो, ती फक्त नवा नंबर पाडते आणि जुनी तक्रार आणखी गाडली जाते. फ्रँचायझीच्या मालकालाही नसतो. वॉरंटी नुकतीच संपलेल्या मशीनचं काम फुकट किंवा फक्त मजुरीत करून द्यायची सवलत कंपनीकडे असते, पण ती मंजूर करतो शाखेचा किंवा विभागाचा सर्व्हिस मॅनेजर. तिला आम्ही ‘स्पेशल अप्रूव्हल’ म्हणायचो. ती मिळते हे कुणी आपण होऊन सांगत नाही. आणि ती मिळते कुणाला, तर ज्याची फाइल वाचून मॅनेजरला वाटतं की हा माणूस पुढे गेला तर आपण अडचणीत येऊ. आरडाओरडा करणाऱ्याला क्वचितच.

म्हणून एक ईमेल लिहा. वॉरंटी कार्डावर किंवा कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता असतो, त्यावर. दुकानदारालाही प्रत पाठवा. मजकूर साधारण असा: ‘मॉडेल अमुक, सीरिअल नंबर अमुक, खरेदी अमुक तारखेला, बिल सोबत. अमुक तारखेला, म्हणजे वॉरंटी चालू असताना, थंडावा कमी असल्याची तक्रार नोंदवली, तिचा नंबर हा. तुमच्या तंत्रज्ञाने सीलबंद यंत्रणा न तपासता तक्रार बंद केली. तोच बिघाड वाढून अमुक तारखेला फ्रिज बंद पडला. आता तुमच्याच तंत्रज्ञाने गॅसगळती असल्याचं सांगितलं आहे. बिघाड वॉरंटीत कळवला असल्याने गळती शोधून दुरुस्ती, गॅस, मजुरी सगळं विनामूल्य करावं. दोन्ही भेटींच्या जॉबशीटच्या प्रती द्याव्यात. पंधरा दिवसांत काम न झाल्यास ग्राहक आयोगात जाईन.’ बस. मनस्ताप, सासूबाईंचं आजारपण, ‘एवढी नामांकित कंपनी असून’ वगैरे काही नको. मागणी एकच आणि मोजता येईल अशी. ‘योग्य ती कारवाई करावी’ असं लिहिलंत तर ते योग्य ती कारवाई करून तक्रार बंद करतील.

तुमच्यासारख्या फाइलींचं बऱ्याच वेळा इथेच भागतं. पूर्ण फुकट नाही तर निम्म्यात तरी. निम्म्यात आलं तर घ्यायचं का, हे तुमच्यावर. मी असतो तर ‘गळती दुरुस्त केली’ असं बिलावर लिहून आणि त्या कामाची लेखी वॉरंटी घेऊन मान्य केलं असतं. पण तुमच्याकडे वॉरंटीतली तक्रार आहे, तेव्हा पहिल्या फोनलाच हो म्हणू नका.

पंधरा दिवसांत काही हललं नाही तर १९१५. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. ते न्यायालय नाही, आदेश देत नाहीत. पण तिथून आलेली तक्रार कंपनीत वेगळ्या टेबलावर जाते, आणि त्या टेबलावरच्या माणसाला वरच्यांना उत्तर द्यावं लागतं.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे, आणि त्यात आपल्यासारख्यांच्या कामाचा मोठा बदल म्हणजे तुम्ही राहता तिथल्याच आयोगात तक्रार करता येते. कंपनीचं कार्यालय गुरुग्रामला असो की चेन्नईला, तिला नाशिकच्या आयोगाला उत्तर द्यावं लागतं. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइन, ई-जागृती पोर्टलवर भरता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. उत्पादक आणि दुकानदार दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. नोटीस मिळाल्यावर कंपनीला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. ही ४५ दिवसांची मर्यादा पक्की आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं. आयोगाचा आदेश विरुद्ध गेला आणि कंपनीला अपील करायचं असेल तर आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

कायद्यात निकालाची मुदत तीन महिने आहे, तपासणी लागणार असेल तर पाच. यावर विसंबू नका. तारखा पडतात. वर्ष सहज जातं, जास्तही. आणि ‘उत्पादनात दोष होता’ हे नुसतं म्हणून भागत नाही, जाणकाराचा अहवाल नसला की अशा तक्रारी पडतात. म्हणून तर जॉबशीटवर अँपिअर आणि गळतीची जागा लिहून घ्या म्हणतोय. कंपनीच्याच माणसाने कंपनीच्याच कागदावर ‘कॉइलच्या जोडात गळती’ असं लिहिलं की तुमचा अहवाल फुकटात तयार झाला.

साडेपाच हजारांसाठी एवढं करावं का? तुमच्याकडे वेळ असेल, कागद असतील आणि मनाला टोचत असेल तर करा. नोकरी, मुलांच्या परीक्षा, घरात आजारी माणूस असं असेल तर ईमेल आणि १९१५ पर्यंत जा आणि तिथे मिळेल ते घ्या. त्यात हार काही नाही. लोक मला ‘तत्त्वाचा प्रश्न आहे’ म्हणतात तेव्हा मी विचारतो, तारखेला जाणार कोण?

मधल्या काळात फ्रिजचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण उन्हाळ्यात तोच खरा प्रश्न. लेखी नोंद होईपर्यंत बाहेरच्या कुणाला सीलबंद यंत्रणा उघडू देऊ नका, मलासुद्धा नाही. एकदा नळी कापली की कंपनी म्हणते बाहेरच्याने हात लावला, विषय संपला. कंपनीचं लेखी उत्तर आलं आणि ते नकाराचं असलं की मग मोकळेपणाने बाहेरून करून घ्या. आधी फोटो, व्हिडिओ, पक्कं बिल, आणि बदललेले भाग घरी ठेवा. ती रक्कम नंतर मागता येते. फक्त एक बघा: आर-६००ए हा पेट घेणारा गॅस आहे, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसच्या नात्यातला. त्याचं काम वारा खेळता ठेवून आणि त्याच गॅसने व्हायला हवं. ‘मॅडम, दुसरा स्वस्तातला टाकून देतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

आणखी एक, चिडलेली माणसं हमखास यात सापडतात. कंपनीचा नंबर इंटरनेटवर शोधून लावू नका. वर दिसणारे कित्येक कस्टमर केअर नंबर भामट्यांचे असतात. ते ‘दहा रुपये भरून तक्रार नोंदवा’ म्हणतात, मोबाइलवर एखादं ॲप टाकायला सांगतात आणि खातं रिकामं करतात. गेल्याच उन्हाळ्यात जेल रोडच्या माझ्या एका गिऱ्हाइकाचं असं झालं, फ्रिजपेक्षा जास्त पैसे गेले. नंबर वॉरंटी कार्डावरचा किंवा फ्रिजवर चिकटवलेलाच घ्या. तसं काही घडलंच तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आणि आपली बँक. इथे तासाचासुद्धा फरक पडतो.

वार्षिक मेंटेनन्सची योजना: आत्ता नाही. बिघाड चालू असताना घेतलेल्या योजनेत तोच बिघाड बहुधा ‘आधीपासूनचा’ म्हणून वगळलेला असतो, आणि योजना घेतलीत की तुमचं वॉरंटीतल्या तक्रारीचं म्हणणंही ढिलं पडतं. एरवी फ्रिजला मला ती महाग वाटते. एसीचं वेगळं, त्याला दरवर्षी सफाई लागतेच. दुकानात खरेदीच्या वेळी गळ्यात मारतात त्या वाढीव वॉरंटीत, ती नेमकी कोण देतंय ते बघा. उत्पादक कंपनी देत असेल आणि त्यात गॅस व मजुरी धरलेली असेल तर विचार करावा. तिसरीच कुठली कंपनी देत असेल तर दावा मंजूर करून घेण्यातच फ्रिज जुना होतो.

तुमच्यासारखी खरेदी ज्यांनी केलीय त्यांनीही एक करावं. वर्ष संपायच्या महिनाभर आधी फ्रिजमध्ये साधा थर्मामीटर ठेवून बघावा. खालच्या कप्प्यात पाच अंशांच्या आसपास यायला हवं. रात्रभर दार न उघडताही दहा-बारा दाखवत असेल तर तेव्हाच लेखी तक्रार टाकावी, फोनवर नाही.

राहिलं पुढचा फ्रिज कुणाचा. मी नाव सांगणार नाही, आणि जो दुकानदार ठामपणे सांगतो त्याचं कमिशन कुठे जास्त आहे तेवढंच त्यातून कळतं. यंत्रं आता सगळ्यांची थोड्याफार फरकाने सारखीच आहेत, फरक पडतो तो तुमच्या भागात त्या कंपनीचं सेंटर कोण चालवतं याने. आणि ते बदलतं. नाशिकरोडला उत्तम असलेली कंपनी सातपूरला रडवते. फ्रिज घेण्याआधी तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एवढंच विचारा की गेल्या वर्षभरात कुणाचा गॅस वॉरंटीत भरून मिळाला का, आणि किती दिवसांत. ज्यांचा मिळाला त्यांच्याकडून सेंटरचं नाव घ्या, आणि दुकानात गेलात की आपला पिन कोड सांगून तेच सेंटर तुमच्याकडे येतं का, हे बिल फाडायच्या आधी विचारा.

जॉबशीट हातात आली की तिचा फोटो इथे टाका, नाव आणि नंबर झाकून. अँपिअरचा आकडा आणि गळतीची जागा कळली की पुढचा ईमेल कसा लिहायचा ते सांगतो.